मजकूर आहे, पण सापडत नाही

(विभागीय संकेतस्थळांसाठी मजकूर लिहिणाऱ्या अधिकारी व कर्मचारी यांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा किंचित संक्षेप केलेला मजकूर)



शोधयंत्रांमध्ये आपल्या संकेतस्थळांवरील मजकुराचा नैसर्गिक क्रम कसा उंचावावा, असा माझ्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापला आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे. त्यामागचा प्रश्न मात्र मला एका यंत्रमाग कामगाराने घातला, आणि तोही अगदी साध्या शब्दांत. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

माझी एक मावसबहीण लग्न होऊन सुरतेला गेली. ती मंडळी मूळची खानदेशातील. सुरत शहराच्या दक्षिण भागातील बमरोली येथे ती राहतात. उधना, पांडेसरा, लिंबायत, बमरोली या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून गेलेली हजारो मराठी कुटुंबे मागांवर, रंगाईच्या व छपाईच्या कारखान्यांत कामाला आहेत, हे आपणांस ठाऊक असेलच. ताप्तीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणारा रेल्वेमार्ग हा या मंडळींचा गावाशी असलेला धागा होय. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती आणि कागदपत्रांसाठी प्रमाण मराठी, अशा चार भाषांत त्यांचा संसार चालतो.

या बहिणीचे सासरे गावी वारले. जमीन थोडी, वारस अनेक. सातबाऱ्यावर नावे लावणे आवश्यक होते. माझ्या मेहुण्यांनी दूरध्वनी संचावर शोध घेतला, जे सापडले ते वाचले, रजा काढली आणि रात्रीच्या गाडीने गावी गेले. मागावरची मजुरी मीटरवर मिळते. माग बंद तर मजुरी बंद. गावी गेल्यावर कळले की वारसांच्या प्रतिज्ञापत्रात विवाहित बहिणींची नावे व पत्ते आले नाहीत, म्हणून अर्ज घेता येत नाही. ते परत आले. पुन्हा रजा, पुन्हा तेच भाडे. दुसऱ्या खेपेहून परतल्यावर त्यांनी मला विचारले, “नाना, हे सरकारनं कुठंतरी लिहून ठेवलेलं असेलच ना? मग मला का नाही दिसलं?”

मी घरी येऊन पाहिले. लिहून ठेवलेले होते. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर, ‘परिपत्रके’ या सदरात, एका कागदाच्या छायाप्रतीत, अकराव्या परिच्छेदात. त्या फाईलचे नाव म्हणजे केवळ एक लांबलचक आकडा होता. शासनाने माहिती दिलेली होती आणि नागरिकाला ती मिळालेली नव्हती; दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती. आपल्या विषयाचे सारे मर्म या विसंगतीत आहे.

शोधयंत्राचे काम कसे चालते, हे थोडक्यात पाहू. एक स्वयंचलित कार्यक्रम दुव्यामागून दुवा धरीत पानापानांवर हिंडतो व तेथील मजकूर उचलून आणतो. त्या मजकुराची सूची तयार होते. ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते तशीच, परंतु अवाढव्य. कोणी प्रश्न विचारला की या सूचीतून जुळणारी पाने काढली जातात आणि त्यांचा क्रम लावला जातो. यांपैकी पहिल्या पायरीवर जे पान अडकले, त्याच्या क्रमाचा विचार करण्यात अर्थ नाही. आपली बरीचशी पाने तेथेच अडकतात.

क्रम लावण्याच्या रीतीत मोठा पालट १९९८ च्या सुमारास झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी, एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांनी अंगुलिनिर्देश केला आहे यावरून त्याचे वजन ठरवावे, अशी पद्धत मांडली. न्यायालयात एखाद्या निवाड्याचा दाखला वारंवार दिला गेला की त्याचे महत्त्व वाढते, तसेच हे. पुढे त्यात शेकडो गोष्टींची भर पडली. २०१९ पासून गूगलने प्रश्नातील सुटे शब्द न पाहता वाक्याचा रोख जाणू पाहणारी ‘बर्ट’ नावाची यंत्रणा वापरात आणली. या क्रमाच्या वर कधीकधी जाहिराती दिसतात, त्या पैसे देऊन मिळालेल्या जागा असतात. खालचा क्रम विकत मिळत नाही; त्यालाच नैसर्गिक क्रम म्हणावयाचे.

आता आपल्या अडचणींकडे वळू. पहिली अडचण कागदाच्या छायाप्रतीची. सही-शिक्क्यानिशी कागद छायांकित करून संकेतस्थळावर चढवला की काम झाले, अशी आपली समजूत आहे. तो कागद म्हणजे यंत्राच्या दृष्टीने एक चित्र होय. छायाचित्रातून अक्षरे ओळखण्याचे तंत्र आता बरेच पुढे गेले आहे, हे खरे. परंतु तिरपा लागलेला कागद, मधोमध उमटलेला गोल शिक्का, फिकी झालेली मराठी अक्षरे यांपुढे तेही चाचपडते. शिवाय येथे प्रश्न केवळ क्रमाचा नाही. दृष्टिहीन नागरिक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी साधने वापरतात, आणि शोधयंत्राला जे दिसत नाही ते या साधनांनाही वाचता येत नाही. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यांचा आग्रह याच गोष्टीचा आहे. सही केलेली प्रत अवश्य ठेवावी, परंतु तिच्या शेजारी तोच मजकूर साध्या टंकलेल्या रूपात पानावर असला पाहिजे.

दुसरी अडचण जुन्या टंकांची. हिचा उलगडा थोडा सविस्तर करतो, कारण या सभागृहातील माझ्या वयाच्या अनेकांनी उमेदीची वर्षे त्या टंकांवर घालवली आहेत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. तरीही आपल्या कचेऱ्यांत त्यानंतर दीर्घकाळ असे टंक चालले की ज्यांत अक्षराचे चित्र देवनागरी असे, पण आत साठवलेला संकेत रोमन लिपीचा असे. उदाहरणार्थ, कृतिदेव टंकात ‘महाराष्ट्र’ हा शब्द टंकला तर यंत्राच्या पोटात ई, जी, के, जे, के अशी इंग्रजी अक्षरे जातात. टंक बसवलेला आहे तोवर डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसते. शोधयंत्राला ते निरर्थक इंग्रजी वाटते. त्या काळातील नियमावल्या, पुस्तिका, अर्जांचे नमुने आजही जसेच्या तसे चढवलेले आढळतात. रूपांतर करून देणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावीच लागते. हे काम कंटाळवाणे आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

युनिकोडमध्ये आलो म्हणजे सर्व सुरळीत झाले असेही नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. महसूल आणि कृषी खात्यांचे एकही पान या शब्दावाचून लिहिले जात नसेल. त्यातील ‘ऱ्य’ दोन रीतींनी टंकता येतो: एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त करून, दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संकेत निराळे. ‘ॲप’ मधील ‘ॲ’ची गत याहून वाईट. २००८ मध्ये त्यास स्वतंत्र संकेत मिळाला, परंतु त्यापूर्वीपासून कोणी ‘अ’वर चंद्र देतो, तर कोणी ‘ए’वर. मोठी शोधयंत्रे असे काही भेद सांभाळून घेतात. आपल्या संकेतस्थळांवरील अंतर्गत शोधपेट्या मात्र अनेक ठिकाणी ते सांभाळत नाहीत. एकाच कार्यालयातील दोन लिपिक दोन कळफलक वापरतात आणि एकाने चढवलेले पान दुसऱ्याला सापडत नाही, हा प्रकार मी पाहिला आहे. कार्यालयाने इनस्क्रिप्ट हा एकच कळफलक ठरवून टाकावा, वाद मिटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे शब्दांचा.

माझ्या मेहुण्यांनी शोधपेटीत काय लिहिले होते, हे मी त्यांना विचारले. त्यांनी लिहिले होते: ‘वडील वारले जमीन नावावर कशी करायची’. आणि आमच्या पानाचे शीर्षक होते: ‘अधिकार अभिलेखविषयक सेवा’. पानात ‘हक्कसंपादनाचे प्रतिवेदन’ होते, ‘उत्तराधिकार’ होता, ‘प्रमाणन’ होते. ‘वडील’ हा शब्द नव्हता. ‘वारस’ एकदा आला होता. ‘सातबारा’ हा शब्द तर एकदाही नव्हता, कारण कायद्यात त्यास गाव नमुना सात व गाव नमुना बारा असे म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ व १५० यांचे उल्लेख बिनचूक होते. मसुदा लिहिणाऱ्याने आपले काम चोख केले होते, परंतु वाचणारा उपजिल्हाधिकारी असेल असे गृहीत धरून.

मी स्वतः परिभाषेच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, आणि राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० पासून उभ्या केलेल्या शब्दभांडाराबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ‘शिधापत्रिका’, ‘अधिवास प्रमाणपत्र’, ‘जात वैधता’ हे शब्द चांगले आहेत व ते टिकावेत. परंतु लोक रेशनकार्ड म्हणतात, डोमिसाइल म्हणतात, व्हॅलिडिटी म्हणतात आणि तसेच शोधतात. ‘उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र’ असे शोधपेटीत लिहिणारा विद्यार्थी मला अजून भेटावयाचा आहे. तो ‘नॉन क्रिमीलेयर’ लिहितो. अशा वेळी परिभाषेचा हट्ट धरून लोकांचा शब्द पानावरून हद्दपार केला तर शुद्धता राखली गेल्याचे समाधान मिळते आणि विद्यार्थी दलालाच्या दुकानात जातो. माझे मत असे की शीर्षकात लोकांचा शब्द, पहिल्या वाक्यात त्यासोबत शासनाचा शब्द, आणि पुढे शासनाचाच शब्द चालवावा. वाचकाला दोन्ही कळतात, आणि कचेरीच्या खिडकीवर कोणता शब्द उच्चारावयाचा तेही उमगते.

पदनामांचेही असेच आहे. तलाठी हे पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे. पानांवर बदल करताना जुना शब्द सरसकट पुसून टाकू नका. गावोगाव ‘तलाठी’च विचारला जातो, आणि पुढची अनेक वर्षे विचारला जाईल. ‘ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी)’ एवढे लिहिल्याने काहीही बिघडत नाही.

मराठीची रूपव्यवस्थाही ध्यानी घ्यावी. ‘सातबारा’ हा शब्द वाक्यात ‘सातबाऱ्यावर’, ‘सातबाऱ्यात’ असा येतो. मूळ रूप पानात कोठेच न येण्याचा संभव असतो. म्हणून मूळ रूप निदान शीर्षकात तरी येऊ द्यावे. आकड्यांत लिहिताना ‘सातबारा (७/१२)’ असे दोन्ही द्यावे. स्थलनामांतही भेद असतात. कोणी बमरोली लिहितो, कोणी बामरोली.

येथे बमरोलीच्या उदाहरणातून मला एक गोष्ट नव्याने कळली, ती आवर्जून सांगतो. १ मे १९६० पर्यंत महाराष्ट्र व गुजरात ही एकाच मुंबई राज्यात होती. जमिनीच्या दप्तराचा वारसा दोघांचा एकच. त्यामुळे ‘सात-बारा’चा नमुना गुजरातेतही आहे, आणि वारसांच्या नोंदीला तिकडे ‘वारसाई’ म्हणतात. शोधयंत्र प्रश्न विचारणाऱ्याचे ठिकाणही विचारात घेते. परिणामी सुरतेत बसून ‘७/१२ वारस’ असे शोधले की गुजरात शासनाच्या भूमी अभिलेखांची पाने पुढे येतात. मेहुण्यांनी पहिल्या खेपेस जी कागदपत्रांची यादी पाठ केली होती, ती गुजरातेतील होती! आमच्या पानावर ‘महाराष्ट्र’ हा शब्द केवळ बोधचिन्हाच्या चित्रात होता, मजकुरात नव्हता. आपण महाराष्ट्रात बसून महाराष्ट्रातील लोकांसाठी लिहितो, तेव्हा राज्याचे नाव लिहिण्याचे कारण काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपले नागरिक सुरतेत आहेत, इंदुरात आहेत, बेळगावात आहेत, आणि गावची जमीन त्यांचीही आहे.

आम्ही ते पान पुन्हा लिहिले. शीर्षक दिले: ‘वडील किंवा आई वारल्यानंतर सातबारा (७/१२) उताऱ्यावर वारसांची नावे कशी लावावीत? – महाराष्ट्र’. पहिल्याच परिच्छेदात उत्तर दिले: मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र यांसह ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) यांच्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करावा, हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कळवावे, असे कायदा सांगतो. त्याखाली ठळकपणे लिहिले की विवाहित मुलींची नावेही द्यावयाची आहेत, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलगी ही मुलाबरोबरीची वारस आहे. पुढे क्रमाने काय घडते ते आले: वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद, मग फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद, संबंधितांना नोटीस, हरकतींसाठी पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्यांचे प्रमाणन, आणि त्यानंतर उताऱ्यावर नाव. कलमांचे उल्लेख तळाशी गेले. मूळ परिपत्रकाचा दुवा दिला. फाईलला आकड्याऐवजी अर्थ सांगणारे नाव दिले.

मुलींविषयीच्या त्या वाक्यावरून आमच्याकडे चर्चा झाली. असे लिहिण्याचे आपले काम नव्हे, अर्जदाराने चौकशी करावी, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. बहिणींची नावे वगळून भरलेला अर्ज परत जातो तेव्हा एका मजुराची दोन दिवसांची मजुरी बुडते. आणि तो परत गेला नाही तर एका बहिणीचा हक्क बुडतो. वाक्य पानावर राहिले.

काही गोष्टी झटपट सांगतो. पानाचे अंतर्गत शीर्षक ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘आपले स्वागत आहे’ असे ठेवू नका. शोधाच्या यादीत बहुधा तेच दिसते. सरकत्या पट्टीतील सूचना आणि मोठमोठ्या छायाचित्रांची मालिका स्वस्त दूरध्वनी संचावर पान उघडू देत नाहीत, आणि पानाची दूरध्वनीवरील आवृत्ती आधी पाहण्याचे धोरण गूगलने २०१६ मध्येच जाहीर केले आहे. संकेतस्थळाचे नूतनीकरण करताना जुने पत्ते मोडू नका. घर बदलल्यावर टपाल कार्यालयाला नवा पत्ता कळवावा, तसे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण बांधून द्या. अन्यथा वर्षानुवर्षे जोडले गेलेले दुवे एका रात्रीत निकामी होतात. जिल्ह्याचे, तहसिलीचे, ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ असेल तर त्यांनी आपापली निराळी माहिती लिहिण्यापेक्षा एकाच अधिकृत पानाकडे दुवा द्यावा.

युक्त्यांविषयी मात्र सावध राहा. ‘क्रम पहिला आणून देतो’ असे सांगणारे ठेकेदार तुमच्याकडेही येत असतील. पानात एकच शब्द पन्नास वेळा घालणे, पांढऱ्यावर पांढरी अक्षरे लपवणे हे प्रकार शोधयंत्रे ओळखतात व पान खाली ढकलतात. पानाच्या अंतर्भागात शब्दांची जी छुपी यादी भरण्याची पद्धत होती, ती क्रमासाठी विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे. तरीही निविदांच्या अटींत ती यादी अजून आढळते.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे. शोधयंत्रे आता पानांच्या यादीच्या वर स्वतःच तयार केलेले उत्तर देतात. ते उत्तर कोठल्या तरी पानांवरूनच घेतलेले असते. आपले पान स्पष्ट, दिनांकित व अद्ययावत नसेल तर कोणा खाजगी मध्यस्थाच्या पानावरची जुनी माहिती अधिकारवाणीने सांगितली जाईल. म्हणून प्रत्येक पानावर शेवटच्या सुधारणेचा दिनांक घाला, आणि तो खरा असू द्या. रोज आपोआप आजची तारीख दाखवणारी पाने मी पाहिली आहेत. ती लबाडी होय.

शेवटचा मुद्दा बारनिशीचा. कचेरीत आलेले प्रत्येक पत्र आवक बारनिशीत चढते. संकेतस्थळावर येणाऱ्या माणसाने कोणते शब्द लिहून शोध घेतला, याचीही नोंद गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सुविधेत मिळते. आपल्या पानाला किती जणांनी पाहिले, किती जणांना दिसूनही त्यांनी उघडले नाही, हे तेथे कळते. ही बारनिशी आठवड्यातून एकदा तरी वाचावी. आम्ही वाचू लागलो तेव्हा ‘वारस नोद’, ‘आजोबाची जमीन’, ‘भाऊ सही देत नाही’ असे शब्द समोर आले. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करून वाचले तर ते अर्जच आहेत.

नवे पान चढवल्यानंतर काही आठवड्यांनी मेहुण्यांनी बमरोलीहून पुन्हा तोच प्रश्न शोधून पाहिला. गुजरातेचे पान अजूनही वर होते. आमचे त्याखाली, पण पहिल्याच पडद्यावर. त्यांनी ते शेजारच्या खोलीतील एका शिरपूरच्या गृहस्थांना पाठवले. त्या गृहस्थांनी उलट एक प्रश्न विचारला: मी परराज्यात राहतो, प्रतिज्ञापत्र इकडच्या नोटरीपुढे केले तर चालते का, की गावी यावेच लागते? हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आमच्या त्या बारनिशीतही आला आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या एकाही पानावर नाही.

चहानंतरच्या सत्रात आपण तेच पान लिहावयास घेणार आहोत. महसूल शाखेतील एक सहकारी त्यासाठी मुद्दाम आले आहेत. कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रथम प्रत्येकाने फक्त शीर्षक लिहून आणावे.